तुर्किनोच्या हिमातून परतलेला क्रिस्तोफ

उत्तर इटलीत पो नदीच्या मैदानात वसलेल्या मिलान शहरातून सकाळी निघावे, आपेनाइन पर्वताची तुर्किनो नावाची खिंड चढावी, आणि ती ओलांडून लिगुरियाच्या समुद्रकाठाने पश्चिमेकडे वळून सान रेमो गाठावे, अशी सुमारे २९० किलोमीटरांची जी सायकलशर्यत १९०७ साली सुरू झाली, तिचा मार्ग मराठी वाचकाला समजावून देणे फारसे कठीण नाही. कारण देशावरून निघून घाटमाथा गाठणे आणि तेथून कोकणात उतरणे हा जो आपल्या पूर्वजांचा नित्याचा प्रवास, त्याच्याच धाटणीचा तो आहे. खिंडीची उंची अवघी ५३२ मीटर, म्हणजे खंडाळ्याहून फारशी निराळी नव्हे. परंतु तिच्या अलीकडे हिवाळा रेंगाळत असताना पलीकडचा मुलूख समुद्राच्या उबेने आधीच फुललेला असतो, आणि म्हणूनच बहुधा मार्चमध्ये भरणाऱ्या या शर्यतीला इटालियन लोक वसंताची शर्यत म्हणतात. १९१० साली मात्र एप्रिल उजाडला तरी वसंत खिंडीच्या पलीकडेही पोहोचला नव्हता.

त्या वर्षीच्या शर्यतीचा विजेता यूझेन क्रिस्तोफ याचे नाव सायकलशर्यतींच्या प्रत्येक इतिहासात येते, आणि ज्या दिवशी तो जिंकला त्या दिवसाचे वर्णन तर इतक्यांदा लिहिले गेले आहे की त्याला आता आख्यायिकेचे रूप आले आहे. त्या दिवसानंतरच्या दोन वर्षांची वासलात मात्र बहुतेक लेखक एका वाक्यात लावतात. हा अन्याय आहे असे मला वाटते. कारण क्रिस्तोफच्या थोरवीचे खरे माप सान रेमोच्या त्या सायंकाळपेक्षा त्या दोन वर्षांतच सापडते.

क्रिस्तोफ हा १८८५ साली पॅरिसलगतच्या मालाकॉफ गावी जन्मला. कुलपे बनवणे हा त्याचा मूळचा धंदा. तेव्हा लोखंड तापवणे, ठोकणे, कानशीने घासणे हे त्याच्या हातांना बालवयापासून अवगत होते. सायकलपटू म्हणून त्याची ख्याती प्रथम झाली ती सायक्लो-क्रॉस या प्रकारात. चिखलातून, ओढ्यांतून, प्रसंगी सायकल खांद्यावर घेऊन धावत जाण्याच्या या हिवाळी शर्यतींत फ्रान्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने १९०९ पासून १९१४ पर्यंत सलग सहा वर्षे आपल्याकडे राखले. थंडीशी त्याचा परिचय नव्हता असे कोणी म्हणू नये. थंडीत कसे राबावे हे ठाऊक असलेल्या, ऐन पंचविशीतल्या, धट्ट्याकट्ट्या माणसाचीही तुर्किनोवर जी अवस्था झाली, तीवरून त्या दिवसाच्या भीषणतेची कल्पना करावी.

३ एप्रिल १९१० रोजी सकाळी मिलानहून ६३ स्पर्धक निघाले. त्या काळचे सायकलपटू सायकली बनवणाऱ्या कारखान्यांच्या पदरी असत. क्रिस्तोफ हा आल्सियाँ कारखान्याचा माणूस, आणि त्याच कारखान्याचा सिरिल व्हान हाउवार्ट हा बेल्जियन वीर, १९०८ सालचा विजेता, त्या दिवशीच्या संभाव्य विजेत्यांपैकी एक होता. यजमानांची भिस्त १९०९ चा विजेता लुइजी गान्ना याच्यावर होती. अंगात लोकरीचा सदरा, पायांत आखूड विजार, आणि चिखलाने भरलेली मातीची सडक. खिंडीच्या माथ्यावरील छोट्या बोगद्यातून क्रिस्तोफ बाहेर पडला तेव्हा पलीकडच्या उतारावर सुमारे वीतभर बर्फ साचलेले होते. उतार असूनही सायकलवर बसता येईना. तो ती ढकलत चालू लागला. त्याच्या पुढे असलेला व्हान हाउवार्ट वाटेतच थांबला होता. लवकरच क्रिस्तोफच्या पोटात कळा येऊ लागल्या, बोटे ताठरली, पाय बधिर झाले, आणि तो रस्त्याच्या कडेच्या एका दगडावर बसून राहिला.

एका वाटसरूने त्याला हाताला धरून जवळच्या खानावळीत नेले नसते तर हा निबंध लिहिण्याचे कारणच उरले नसते. खानावळवाल्याने त्याचे ओले कपडे उतरवले आणि त्याला घोंगडीत गुंडाळले. भाषा परस्परांना येत नव्हती. खाणाखुणांनी गरम पाणी आणि रम मागून क्रिस्तोफने अंगात ऊब आणली व हातपाय हालवून रक्त खेळते केले. एवढ्यात व्हान हाउवार्ट आणि अर्नेस्त पॉल हे दोघे तेथे येऊन थडकले. ते इतके गारठलेले होते की त्यांनी आपले हात सरळ चुलीच्या ज्वाळांत घातले, आणि पॉलच्या एका पायातला बूट वाटेत कोठे गळून पडला याची त्याला शुद्धही नव्हती. सुमारे पंचवीस मिनिटे अशी गेली. मग खिडकीतून चिखलाने माखलेले चार स्पर्धक पुढे जाताना दिसले, आणि यजमान सोडावयास राजी नसताना क्रिस्तोफ तेथून निघाला. शर्यत अजून निम्मी उरली होती. पुढे गेलेल्यांना त्याने एकामागून एक गाठले आणि १२ तास २४ मिनिटांनी तो सान रेमोला पोहोचला. त्याच्यानंतर आलेल्या गान्नाला मोटारीचा आश्रय घेतल्याच्या कारणावरून बाद ठरवण्यात आले. दुसरा क्रमांक मिळालेला जोव्हान्नी कोक्की तासाभराहून अधिक मागे होता. ६३ पैकी अवघ्या चौघांची नावे अधिकृत निकालात लागली.

त्यानंतर क्रिस्तोफ महिनाभर रुग्णालयात होता. हातांना हिमदंश झाला होता आणि सगळे शरीर खचले होते.

हिमदंशाचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. अतिशीत हवेत शरीर आपल्या मर्मस्थानांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या टोकांकडे जाणारे रक्त आखडते घेते. बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पेशींतील द्रव गोठू लागतो, आणि वेदना थांबतात. वेदना थांबणे हे येथे कुलक्षण समजावे. पुढे ऊब मिळून रक्त पुन्हा वाहू लागले म्हणजे खरी हानी उघडकीस येते, आणि बरे झाल्यानंतरही ती बोटे वर्षानुवर्षे थंडी सोसू शकत नाहीत. सायकलस्वाराला तर बोटांवाचून गती नाही: हँडल, ब्रेक, पाण्याची बाटली, पंक्चर काढताना टायरची कड उचलणे, सगळे बोटांचेच काम. त्यातून त्या काळचे वैद्यक या बाबतीत चुकीच्या वाटेवर होते. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य दोमिनिक लारे याने १८०७ सालच्या आयलाऊच्या लढाईत गोठलेले हातपाय शेकोटीवर धरणाऱ्या सैनिकांचे हाल पाहिले होते. बधिर कातडीला आच कळत नसल्यामुळे ती भाजून निघे, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. पण त्यावरून त्याने गोठलेला अवयव बर्फाने चोळावा असा जो उपाय सांगितला, तो शतकाहून अधिक काळ शास्त्रवचनासारखा मानला गेला आणि त्याने असंख्य अवयवांची नासाडी केली. कोमट पाण्यात अवयव बुडवून तो लवकर उबदार करावा हा आजचा उपाय विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वमान्य झाला. म्हणजे १९१० साली ज्वाळांत हात घालणारे व्हान हाउवार्ट आणि पॉल एका टोकाला, तर बर्फाने चोळण्याचा पुस्तकी उपदेश दुसऱ्या टोकाला, अशा अवस्थेत रोग्याला मुख्यतः आपल्या प्रकृतीच्याच बळावर तरून जावे लागे.

क्रिस्तोफला पूर्वीचे सामर्थ्य परत यावयास दोन वर्षे लागली. सायक्लो-क्रॉसचे अजिंक्यपद त्याने १९११ सालीही राखले, हे खरे; पण थोड्या अंतराची शर्यत जिंकणे निराळे आणि बारा-बारा, पंधरा-पंधरा तास सडकेवर राबण्याची ताकद अंगी येणे निराळे. माझ्या मते त्या आखूड हिवाळी शर्यतींनीच त्याला सावरले. ज्या ऋतूने घात केला त्याच ऋतूत, परंतु जेथून तासाभरात उबेला परतता येईल अशा अंतरावर, तो पुन्हा उतरत राहिला. आज दुखापतीतून उठलेल्या खेळाडूला वैद्य हाच क्रम घालून देतात.

फळ १९१२ साली दिसले. त्या वर्षीच्या टूर द फ्रान्समध्ये त्याने लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यांतील शामोनी ते ग्रनोब्ल हा टप्पा आल्प्समधला होता, आणि त्यात त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर एकट्याने आघाडीवर राहून तोडले. गुणपद्धतीने निकाल लागत असल्यामुळे एकंदर स्पर्धेत तो बेल्जियमच्या ओदिल दफ्रेच्या मागे दुसरा ठरला. डोंगर, एकांत, दीर्घ अंतर: तुर्किनोवर ज्या तीन गोष्टींनी त्याला मोडले होते, त्याच तिन्हींवर त्याने आता मात केली होती.

आणि हातांचे काय झाले, याचे उत्तर पुढच्या वर्षी पिरेनीज पर्वतात मिळाले. १९१३ च्या टूरमध्ये तूरमालेची खिंड उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्या कोणाची मदत घ्यावयाची नाही असा कडक नियम. क्रिस्तोफ सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक पायपीट करीत सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात उतरला, लोहाराची भट्टी शोधली, आणि पंचांच्या देखरेखीखाली त्याने स्वतः लोखंड तापवून, ऐरणीवर ठोकून, चिमटा जोडला. भाता ओढण्यास एका मुलाची मदत घेतली म्हणून त्याला वेळेचा दंडही झाला. त्या टूरमधील विजयाची आशा तेथे संपली. ही हकिकत सर्वत्र दुर्दैवाची कथा म्हणून सांगितली जाते. मला तीत दुसरेही काही दिसते: तीन वर्षांपूर्वी जी बोटे गोठून निकामी होण्याच्या बेतात होती, त्याच बोटांनी त्या भट्टीत हातोडा आणि सांडशी चालवली.

पुढे महायुद्ध झाले. युद्धानंतरच्या पहिल्याच टूरमध्ये, जुलै १९१९ मध्ये, आघाडीच्या स्पर्धकाने पिवळा सदरा घालावा अशी प्रथा सुरू झाली, आणि तो सदरा सर्वांत आधी अंगावर चढवण्याचा मान चौतिशीतल्या क्रिस्तोफला ग्रनोब्ल येथे मिळाला. शेवटच्या टप्प्यांत पुन्हा चिमटा मोडला आणि स्पर्धा फिरमाँ लांबोने जिंकली. १९२५ पर्यंत तो टूरमध्ये उतरत राहिला, पण ती त्याने कधीच जिंकली नाही.

क्रिस्तोफनंतर सत्तर वर्षांनी, २० एप्रिल १९८० रोजी, बेल्जियममधील लिएज–बास्तोन–लिएज या शर्यतीत जवळजवळ तसाच दिवस उगवला. बर्फवृष्टीत १७४ पैकी २१ जणच शेवटास गेले आणि फ्रान्सचा बर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत हालचाल परत यावयास सुमारे तीन आठवडे लागले, आणि थंडी पडली की ती बोटे पुढेही त्याला त्रास देत राहिली. त्याच उन्हाळ्यात गुडघ्याच्या दुखण्यामुळे पिवळा सदरा अंगावर असतानाच त्याला टूर सोडावी लागली, तरी ऑगस्टअखेर सालांश येथे तो जगज्जेता झाला. इनोच्या पाठीशी वैद्य, मालिशवाले आणि शास्त्रशुद्ध सराव होता. क्रिस्तोफच्या पाठीशी यांपैकी फारसे काही नव्हते.

१७ मार्च २०१३ रोजी तुर्किनोवर पुन्हा बर्फ पडले. या खेपेस आयोजकांनी शर्यत मध्येच थांबवली, स्पर्धकांना बसमध्ये बसवून खिंडीपलीकडे नेले आणि समुद्रकाठी उरलेली शर्यत पुढे सुरू केली. जर्मनीचा गेराल्ड चोलेक ती जिंकला. त्यानंतर थोड्याच वर्षांत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अतिविषम हवामानासाठी स्वतंत्र नियमावली केली, आणि बर्फ, गोठणारा पाऊस वा जीवघेणी थंडी असेल तर आयोजक, खेळाडूंचे प्रतिनिधी आणि वैद्य यांनी एकत्र बसून मार्ग बदलावा किंवा शर्यत रद्द करावी अशी तरतूद त्यात आली. यामुळे शर्यतींतील पराक्रम उणावला अशी तक्रार करणारे आहेत. क्रिस्तोफच्या उमेदीची दोन वर्षे ज्यांनी हिशेबात धरली, त्यांनी ही तक्रार करू नये. ही तरतूद शंभर वर्षे आधीच व्हावयास हवी होती.