फूलवाल्यांची सैर

दिल्लीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या शहरावरील स्वाऱ्या, येथील कत्तली, दरबार आणि राज्यारोहणे यांची नोंद मोठ्या काळजीने ठेवली आहे. पाऊस सुरू झाल्यावर येथील सामान्य माणसे काय करीत, थंडीच्या दिवसांत ऊन खाण्यासाठी आणि मन रमविण्यासाठी कोठे जात, याची हकीकत मात्र थोड्याशा फार्सी व उर्दू पुस्तकांतून आणि जुन्या घराण्यांच्या आठवणींतून वेचून काढावी लागते. बदलीच्या हुकुमाने येथे येऊन पडलेल्या आम्हां मराठी मंडळींचा दिल्लीच्या हवेविषयीचा सूर तर ठरलेलाच आहे. उन्हाळ्यात लू, पावसाळ्यात उकाडा, हिवाळ्यात बोटे बधिर करणारा गारठा! कचेरीतून परतल्यावर क्वार्टरचे दार लावून घ्यावे आणि सुट्टीचा अर्ज कधी मंजूर होतो याची वाट पाहावी, हा आमचा वर्षभराचा क्रम. तक्रारीत खोटे काही नाही. पण याच हवेत ऐन पावसाळ्यात घरेदारे बंद करून अख्खे शहर अकरा मैल दूर रानात राहावयास जात असे, हेही खोटे नाही. त्या प्रथेची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

पावसाळा आणि दिल्ली यांची सांगड मराठी मनात निराळ्याच रीतीने बसली आहे. मराठी राज्याच्या कारभारात पावसाळा म्हणजे छावणीचा काळ. नद्यांना उतार नाही, वाटा चिखलाने बंद, तोफांची चाके रुतलेली; तेव्हा फौजांनी छावणी करून राहावे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावे, हा शिरस्ता. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली ती १७६० च्या ऑगस्टात, म्हणजे भर पावसात. पलीकडच्या तीरावर अब्दाली, अलीकडे मराठे आणि मध्ये दुथडी भरून वाहणारी यमुना. फौजेत दाणावैरणीची टंचाई इतकी, की दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरात भाऊ कुंजपुऱ्याकडे निघाले आणि पुढचे सर्वांस ठाऊकच आहे. दिल्लीचा श्रावण-भाद्रपद मराठी बखरीत आला तो असा, पूर आणि उपासमार यांची सोबत घेऊन.

तथापि फौजेची रीत ही साऱ्या समाजाची रीत नव्हे. सरदार छावणीत बसत, तेव्हा आमचा वारकरी आषाढाच्या सरी अंगावर घेत पंढरीच्या वाटेने चालतच असे. आणि नागपंचमीला गावोगावच्या लेकीसुना झाडांना झोके बांधून मोकळ्या आभाळाखाली गात असत. राज्यकर्त्यांचा पावसाळा वेगळा आणि रयतेचा वेगळा, हा भेद आमच्याकडे होता तसाच दिल्लीतही होता. तो ध्यानात ठेवला म्हणजे पुढील हकीकत नीट कळेल.

दिल्लीचा पाऊस प्रमाणाने थोडा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर दिल्लीच्या वाट्याला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर येतो, आणि तोही जूनच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरात सरतो. कोकणच्या माणसाला पावसाचे चार महिने कसे काढावे याची चिंता. दिल्लीकराला मे-जूनच्या भट्टीतून सोडविणारा प्रत्येक थेंब मोलाचा. शिवाय उत्तरेकडील महिने पौर्णिमान्त असल्यामुळे येथील सावन आमच्या श्रावणाच्या आधी पंधरा दिवस लागतो, आणि भादोही तसाच. हे दोन महिने येथे उत्सवाचे मानले जातात, याचे कारण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या उन्हाळ्यात आहे.

बादशहांनाही या ऋतूचा लोभ होता. मात्र त्यांनी तो भिंतींच्या आत आणण्याचा प्रयत्न केला. शहाजहानने १६३९ ते १६४८ या काळात लाल किल्ला बांधविला. त्यातील हयात बख्श बागेत समोरासमोर दोन संगमरवरी मंडप आहेत, त्यांची नावेच सावन आणि भादो. मंडपातून पाण्याचा पडदा खाली पडे आणि त्यामागच्या कोनाड्यांत दिवसा फुलदाण्या व रात्री दिवे मांडीत. पाण्याआडून ते झळकत, जणू पावसात चमकणाऱ्या विजाच. भरतपूरच्या जाटांनी अठराव्या शतकात डीगच्या महालांत याच्याही पुढे मजल मारली. तेथील केशव भवनात कारंज्यांनी पाऊस पाडीत आणि दगडी गोळे पाण्याच्या जोराने गडगडवून मेघगर्जनेचा भास निर्माण करीत. कल्पकता वाखाणण्याजोगी खरीच. पण या पावसात भिजण्याचा अधिकार मूठभरांना होता.

शहरातील लोक खऱ्या ऋतूंसाठी बाहेर पडत. मार्च १७३७ च्या अखेरीस पहिला बाजीराव एकाएकी दिल्लीच्या दाराशी आला, तेव्हा रामनवमीच्या सुमाराची कालकादेवीची यात्रा भरलेली होती आणि शहरातून निघालेले यात्रेकरू मराठी स्वारांच्या वाटेत सापडले. बाजीरावाने चिमाजीअप्पास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात या यात्रेचा उल्लेख आहे. राजधानीवर संकट येत असताना लोक जत्रेत कसे, असे वाटेल. पण जत्रा ऋतूच्या हिशेबाने भरते, राजकारणाच्या नव्हे.

पुढल्याच वर्षी निजामुल्मुल्काच्या लवाजम्यात दर्गाह कुली खान नावाचा एक तरुण सरदार दख्खनेतून दिल्लीस आला आणि १७४१ पर्यंत येथे राहिला. त्याच्या 'मुरक्का-ए-दिल्ली' या फार्सी ग्रंथात त्या काळच्या जत्रा, उरूस, गवई आणि बागा यांचे चित्रण आहे. हाही आमच्यासारखाच दक्षिणेतून कामानिमित्त येथे आलेला माणूस. नादिरशहाची १७३९ ची कत्तल त्याच्या मुक्कामातच झाली. तरी त्याने आपल्या लेखणीचा विषय केला तो दिल्लीच्या लोकांचा आनंद. थंडीतील वसंतोत्सवाचे त्याने केलेले वर्णन विशेष वाचनीय आहे. माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे दिल्लीची थंडी अजून हटलेली नसताना, हा उत्सव सुरू होई. लोकांच्या झुंडी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या दर्ग्यांवर जात, फुले व अत्तर वाहत आणि गाणी म्हणत. निजामुद्दीन अवलियांचे दुःख हलके करण्यासाठी अमीर खुस्रो पिवळी वस्त्रे लेऊन, मोहरीची फुले घेऊन त्यांच्यापुढे गेला, अशी या प्रथेमागची आख्यायिका आहे. वसंतपंचमीस निजामुद्दीनच्या दर्ग्यात आजही पिवळी फुले वाहिली जातात.

आता पावसाळ्याकडे वळू. १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला. बादशहा आता कंपनीच्या तनख्यावर आला. १८०६ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या अकबरशहाची सत्ता किल्ल्याच्या भिंतींपलीकडे फारशी चालत नसे. आपला धाकटा मुलगा मिर्झा जहांगीर यास वारस नेमावे अशी त्याची इच्छा. रेसिडेंट आर्चिबाल्ड सेटन याने ती मोडून काढली. तापट मिर्झाने सेटनचा भर दरबारात उपमर्द केला आणि पुढे किल्ल्यातून त्याच्यावर गोळीही झाडली. नेम चुकला, पण कंपनी सरकारने मिर्झाची रवानगी अलाहाबादेस केली.

परंपरा सांगते, की मिर्झाची आई मुमताज महल बेगम हिने नवस केला : मुलगा सुटून आला तर मेहरौलीस ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन. मुलगा परतला आणि १८१२ च्या सुमारास बेगम नवस फेडावयास निघाली. तिच्यामागून दरबार निघाला आणि दरबारामागून शहर. बादशहाच्या इच्छेने मेहरौलीतीलच योगमायेच्या देवळातही फुलांचा पंखा वाहण्यात आला. योगमाया ही यशोदेच्या पोटी आलेली कृष्णाची भगिनी, हे मराठी वाचकांस सांगणे नको. सात दिवस मेहरौलीत जत्रा चालली. लोकांना ती इतकी रुचली, की दरसाल भादोच्या महिन्यात भरविण्याचे ठरले. फुलांचे पंखे विणणारे माळी आणि फूलविके हे तिचे मानकरी, म्हणून नाव पडले 'फूलवालों की सैर'. मिर्झा जहांगीर मात्र पुन्हा अलाहाबादेस गेला आणि १८२१ मध्ये मद्यपानाने झिजून मेला. ज्याच्यासाठी नवस झाला तो गेला. नवसातून निघालेली जत्रा राहिली.

या सैरेत लोक करीत तरी काय? मेहरौलीत अल्तमशने तेराव्या शतकात बांधलेला हौज-ए-शम्सी नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. पावसाळ्यात तो भरला, की त्याचे पाणी जवळच्या झरना नावाच्या बागेत धबधब्यासारखे उतरे. पोरेटोरे मंडपांच्या छतांवरून कुंडात उड्या टाकीत. गुळगुळीत दगडी उतरणीवरून घसरत पाण्यात जाण्याचा खेळ तर थोरामोठ्यांनाही आवडे. आमराईत झोके बांधलेले, खाली कढया चढविलेल्या, वर ढग दाटलेले. पट्टीचे पोहणारे आपल्या करामती दाखवीत, पतंगांच्या काटाकाटी चालत. सायंकाळी सनई-चौघड्यांच्या नादात पंखे निघत, एक दिवस देवळाकडे, एक दिवस दर्ग्याकडे. शहाजहानाबादेहून येथपर्यंतचे अकरा मैल कोणी रथातून, कोणी बैलगाडीतून आणि बहुतेक पायी तुडवीत. मिर्झा फर्हतुल्ला बेग यांनी या सैरेवर उर्दूत लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. ज्यांना ती भाषा येते त्यांनी तो अवश्य वाचावा.

शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर यास सैरेचा फारच लळा होता. मेहरौलीतील वाड्यास त्याने हत्ती शिरेल एवढा उंच दरवाजा बांधविला. तो वाडा आज जफर महाल म्हणून ओळखला जातो. पंख्याबरोबर देवळात जाणे झाले नाही तर आपण दर्ग्यातही जाणार नाही, असा त्याचा नेम असल्याचे सांगतात. याच दर्ग्याच्या आवारात पूर्वजांच्या शेजारी त्याने आपल्या कबरीसाठी जागा राखून ठेवली होती. ती तशीच रिकामी आहे. १८६२ मध्ये त्याचा देह रंगूनच्या मातीत गेला.

बादशाही बुडाली तरी सैर बुडाली नाही, कारण ती मुळी बादशहाची उरलीच नव्हती. नव्या राज्यकर्त्यांची तऱ्हा निराळी होती. त्यांनी ऋतूशी समेट करण्याऐवजी ऋतूच टाळला. १८६४ पासून सिमला ही उन्हाळ्याची राजधानी झाली. कचेऱ्या, दप्तरे आणि कारकून यांचा काफिला दरसाल डोंगर चढे व थंडी पडू लागली की उतरे. आमच्या खात्यांच्या पूर्वसुरींची कित्येक आयुष्ये या चढउतारात गेली. खाली दिल्लीचे रहिवासी मात्र पहिल्या सरींबरोबर मेहरौलीच्या वाटेला लागत.

१९४२ साली 'चले जाव' आंदोलनाच्या धामधुमीत सरकारने सैरेवर बंदी घातली. फुलांच्या पंख्यांत आणि झोक्यांत राज्य उलथविण्याजोगे काय होते? उत्तर सोपे आहे. हिंदू आणि मुसलमान मोकळ्या जागी, स्वेच्छेने आणि आनंदाने एकत्र जमत होते. पोलिसी राज्याला सभेइतकीच जत्रेचीही धास्ती वाटते. पुढे १९४७ चा रक्तपात आला आणि जुन्या दिल्लीतील अनेक घराणी परागंदा झाली. बंदी उठविण्यास हुकूम पुरतो; तुटलेली सवय हुकुमाने परत येत नाही. जवळजवळ वीस वर्षे झरन्यावर पंखा आला नाही. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पंडित नेहरूंच्या प्रोत्साहनाने 'अंजुमन सैर-ए-गुलफरोशां' या संस्थेने ती पुन्हा सुरू केली आणि नेहरू स्वतः तीत जाऊ लागले. आता ती पावसाळा सरल्यावर भरते, निरनिराळ्या राज्यांचे पंखे तीत येतात आणि देऊळ व दर्गा या दोन्ही ठिकाणी फुले पोहोचतात.

परंतु सोहळा परतला म्हणून ऋतुविहार परतला असे म्हणता येत नाही. झरन्याचे कुंड वर्षाचा बराच काळ कोरडे असते. ज्या पाणलोटावर तलाव भरे तेथे घरे उभी राहिली. हिवाळ्याचीही तीच कथा. दिल्लीची थंडी उन्हात बसण्यासाठीच जणू निर्माण झालेली. १९३६ मध्ये खुल्या झालेल्या लोदी बागेच्या हिरवळीवर आणि इंडिया गेटच्या मैदानावर शेंगदाणे सोलीत बसलेली कुटुंबे ही तिची खूण. आता थंडीच्या प्रारंभी धुराने आभाळ कोंदते. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर त्यापायी शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. पूर्वी बाहेर जाण्यास राजाची बंदी आडवी आली; आज हवा आणि पाणी यांची आम्हीच केलेली दुर्दशा आडवी येत आहे. बंदी निदान उठविता येते.

म्हणून फूलवाल्यांच्या सैरेकडे आम्ही करमणुकीची एक जुनी बाब म्हणून पाहत नाही. अंगणात, तळ्याकाठी, रस्त्यावर, पावसात भिजत किंवा उन्हात शेकत माणसे जेथे एकमेकांस भेटतात तेथेच शहर आपले होते. सरकारी घराच्या चार भिंतींत ते कधी होत नाही. तीन-चार वर्षांच्या नेमणुकीवर आलेल्या माणसाने हे शहर आपले का मानावे, असे कोणी विचारील. दर्गाह कुली खान तीन वर्षेच राहिला होता. तेवढ्या काळात त्याने जे पाहिले त्यावर दिल्लीकर आज आपल्या जत्रांचा इतिहास लिहितात. तो दारे लावून बसला असता तर हे घडते ना.

यंदा पहिली मोठी सर पडून गेली की मुलाबाळांना घेऊन मेहरौलीस जावे. योगमायेचे दर्शन घ्यावे, दर्ग्याच्या आवारातील ती रिकामी जागा पाहावी आणि हौज-ए-शम्सीच्या काठी थोडा वेळ बसावे. पाऊस आला तर छत्री उघडण्याची घाई करू नये.