नाव, आकडा आणि पत्ता

चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे कोळसा खाणींचे आणि रेल्वे जंक्शनचे गाव. अशा गावातील एखाद्या रस्त्याला हुतात्मा जवानाचे नाव द्यावे, असे कोणी सुचवल्यास आम्ही आनंदाने अनुमोदन देऊ. मात्र त्याआधी थोडे मागे वळून पाहावे.

मध्ययुगीन वीरगळावर युद्धप्रसंग कोरलेला असतो, माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. वीराचे नाव बहुधा नसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत बसवलेल्या शिळांवर या गावातून किती गेले आणि किती कामी आले, एवढा आकडा आहे. नावे तेथेही नाहीत.

आज आपण नाव देतो, पण हकीकत गाळतो. पुण्याच्या लष्कर भागातील तारापोर मार्गावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले?

म्हणून आमचे मागणे लहानसेच आहे. फलकावर नावाखाली दोन ओळी असाव्यात : पलटण कोणती, कोठे आणि केव्हा पडला. वीरगळावर चित्र उरले, शिळेवर आकडा; रस्त्यावर नुसता पत्ता उरू नये.