उणे म्हणजे किती उणे?



वहीतले गणित अर्धे राहिले की गुरुजी खाली तांबड्या शाईने शेरा मारतात, ‘अपूर्ण’. मुलगा वही घरी नेतो, आणि कित्येकदा तो शेरा जन्मभर मनात बाळगतो. आज या शब्दाच्या एका जुन्या सोबत्याकडे जरा पाहू. तो शब्द म्हणजे ‘उणे’.

संस्कृत ‘ऊन’ या शब्दापासून तो आला. ऊन म्हणजे कमी. पण नुसते कमी नव्हे, कशापेक्षा तरी कमी. आपले आकडेच पाहा ना. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. पाऊण म्हणजे पाद-ऊन, एकाला पाव कमी. पावणेदोन, पावणेतीन यांचीही तीच गोष्ट. एकोणिसाला नाव मिळाले ते विसाकडे बघून. तेव्हा कशाला उणे म्हणायचे, तर आधी पुरे काय ते ठरवावे लागते.

ते ठरवायचे कोणी? तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांना विनवले, की माझ्या बोलण्यात जे न्यून असेल ते तुम्ही पुरे करून घ्या. तिथे बोलणाऱ्याने आपली उणीव आपण होऊन पुढे केली. डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या वाट्याला मात्र ती दुसऱ्यांच्या मापाने आली.

इंग्रजांनी १९३५ च्या कायद्याखाली डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा ‘अंशतः वर्जित क्षेत्रां’त घातला. मुंबईच्या विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नराने सांगितल्याखेरीज तिथे लागू होत नसे. इथली माणसे अजून पुरी तयार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. दुसरा हिशेब सावकार-जमीनदाराच्या वहीत होता. पावसाळ्यात घरातले धान्य सरले, की वारली खावटी उचली. पीक आले की ती व्याजासकट फेडायची. फेड पुरी झाली की नाही, हे ज्याच्या हाती वही तो सांगणार. लग्नासाठी पैसे घेतले तर नवराबायको दोघेही ‘लग्नगडी’ होऊन राबत, आणि ते कर्ज काही केल्या फिटत नसे. शिवाय वेठ होतीच.

मग २३ मे १९४५ रोजी झरी या गावी सुमारे पाच हजार आदिवासी जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगावात मोडे. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचे काम करीत होते. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय राबायचे नाही, असे तिथे ठरले. पुढे गवतकापणीच्या हंगामात संप झाला. मागणी काय? पाचशे पौंड गवत कापले तर अडीच रुपये. ‘आमच्यावर दया करा’ असे हे मागणे नव्हते. पुरी मजुरी म्हणजे किती, हे कापणाऱ्यानेच वजन आणि आकडा धरून सांगितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे जिवास मुकले. तरीही संप मोडला नाही, आणि पुष्कळ जमीनदारांना तो दर मान्य करावा लागला. गोदावरीबाईंनी ही हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात सांगितली आहे. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे.

याच वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. हाती पट्टी नाही. एखादी रेघ वाकते, एखादा गोल चेपतो. चित्रकलेच्या परीक्षेत याचे गुण कापले गेले असते. पण त्या घरात रेघेच्या सरळपणावर काही अडत नाही. चौकावाचून मात्र लग्न अडते. ही कला कागदावर आणून जगापुढे नेणारे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणून गुरुजींना एक विनंती. ‘अपूर्ण’ असा शेरा मारायची वेळ आली, तर खाली एवढेही लिहा : ‘दोन पायऱ्या राहिल्या’. म्हणजे मुलाला कळेल की उणे आहे ते गणितात, आपल्यात नाही. आणि किती उणे, तेही कळेल. उरलेल्या दोन पायऱ्या मग तो स्वतःच चढेल.