'हाव': एका शब्दाचा इतिहास

गेले काही शनिवार-रविवार इथे काहीच लिहिलं नाही. अकोल्याला होतो. आमच्या मोठ्या बाबांना लकवा मारला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. उरला एकच शब्द: 'हाव'. (पुणेकरांसाठी: वऱ्हाडीत हाव म्हणजे हो.) पाणी हवं? हाव. नको? तरी हाव. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं, आणि मग डोळ्यांत पाणी यायचं.

एका संध्याकाळी डाबकी रोडच्या घरी त्यांच्या भजनी मंडळातले दोघं भेटायला आले. मोठे बाबा चाळीस वर्षं खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारे. एकाने सहज भजन सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीला मोठे बाबा डाव्या हाताने खाटेवर ठेका धरून चक्क शब्दांसकट म्हणायला लागले! अख्खं कडवं. भजन संपलं, मोठ्या आईने विचारलं, "चहा घेता की कॉफी?" उत्तर: "हाव."

एक नातेवाईक हळूच म्हणाले, "नाटक तर नाही ना करत?" मोठी आई काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "तू कम्प्युटरवाला हायेस ना? मंग सांग, भजन म्हणून राह्यले हे, तर साधा चहा काहून नाही मांगत?"

उत्तर शोधताना थेट 1745 सालात पोचलो. ऊलोफ दालिन नावाच्या स्वीडिश माणसाने तेव्हा एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली. गंमत म्हणजे दालिन डॉक्टर नव्हता, कवी आणि इतिहासकार होता. त्या रुग्णाची उजवी बाजू लुळी पडलेली, आणि तोंडात शब्द उरलेला एकच: 'हो'! पण सुरुवातीला कुणी सोबत म्हटलं, की तो चर्चमधली पाठ असलेली स्तोत्रं स्वच्छ गायचा. एवढंच नाही, तशीच सोबत मिळाली की काही प्रार्थना न गाता, नुसत्या ठेक्यातही म्हणायचा. वाचताना अंगावर काटा आला. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे मोठे बाबाच की हे!

मग 1861 साल. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोकाने लबोर्न्य नावाचा रुग्ण पाहिला. त्याच्याकडे 'तां' हेच काय ते उरलं होतं. तो वारल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. पुढे लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सनने एक महत्त्वाचा फरक मांडला: नवं वाक्य जुळवून बोलणं वेगळं, आणि शिव्या, रामराम, पाठांतर यांसारखं आपोआप येणारं बोलणं वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर भजन म्हणजे आधीच कंपाइल झालेला प्रोग्रॅम, नुसता चालवायचा. 'चहा दे' मात्र दर वेळी नव्याने लिहावा लागणारा कोड. नेमका एडिटरच बिघडलाय. म्हणजे नाटक नाही, आणि बुद्धीही गेलेली नाही. याला वाचाघात म्हणतात.

1973 मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी यावरून उपचारच मांडला. रोजची छोटी वाक्यं उंच-खालच्या सुरात म्हणायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. कल्पना अशी, की गाण्यामुळे मेंदूची उजवी बाजू मदतीला येते.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, गाणं हेच औषध! थांबा. 2011 मध्ये लाइपझिगच्या बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी 17 रुग्णांवर सूर आणि ताल वेगळे करून पाहिले. नुसत्या ठेक्यात बोलण्यापेक्षा गाण्याने जास्त फायदा दिसला नाही. कामाचा होता तो ताल, विशेषतः ज्यांच्या मेंदूत खोलवरच्या बेसल गँग्लियाला इजा होती त्यांच्यासाठी. आणि शब्द आधीपासून पाठ असणं. थोडक्यात, दालिनच्या ठेक्यातल्या प्रार्थनेकडे आपण उशिरा वळून पाहिलं.

वऱ्हाडात तर हे दोन्ही घरोघरी आहे. 1909 साली अमरावतीजवळच्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना गावागावांत नेली. वर्षानुवर्षं एका ठेक्यात म्हटलेले शब्द लकव्यालाही सहज पुसता आले नाहीत.

पण भजनाने चहा मिळत नाही, हा मोठ्या आईचा मुद्दा बरोबरच आहे. स्पीच थेरपिस्टने आम्हाला मोजकी वाक्यं दिली: 'चहा दे', 'पाणी दे', 'पंखा लाव'. मांडीवर डाव्या हाताने ठेका, आधी सोबत, मग एकट्याने. रोज, कंटाळा येईपर्यंत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तेव्हा आम्ही 'सकाळी बघू' म्हणून रात्रभर तेल चोळत बसलो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं. तुमच्या घरी असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, प्लीज.

परवा फोन केला. मोठ्या आईने रिसीव्हर मोठ्या बाबांच्या कानाला लावला. मी विचारलं, "कसे आहात?" "हाव." मग मांडीवर थाप ऐकू आली, दोनदा, तीनदा. आणि: "च-हा... दे."

मागून मोठी आई ओरडली, "आताच तं घेतला ना बाप्पा!"