वर चढणारा बॉक्स

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये वॉचमनलाच बसायला जागा उरत नाही. खुर्चीवर, टेबलाखाली, थेट मोटरच्या स्विचबोर्डापर्यंत बॉक्सच बॉक्स. मखमली कप्प्यांत मोजून ठेवलेले बदाम, परदेशी चॉकलेटं, सुगंधी मेणबत्त्या, एखाद्यात चांदीचं नाणं, आणि सगळ्यांवर सॅटिनची फीत. कुरियरवाला सहसा वर जात नाही. वॉचमन वहीत विंग, फ्लॅट नंबर आणि वेळ लिहितो, कुरियरवाल्याला सही देतो आणि बाहेर स्टूल टाकून बसतो.

यंदाच्या सभेत या ढिगावरून विषय निघाला. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद पोटतिडकीने बोलले. त्यांचं म्हणणं नवं नव्हतं. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात ते ऐकायला मिळतं, दिवाळी अंकांतही छापून येतं. पूर्वपक्ष थोडक्यात असा: आपली दिवाळी मुळात साधी होती. घरचा फराळ, शेजारच्या घरी ताट, भाऊबीजेला दोन-पाच रुपये, संपलं. मॉल आले, कंपन्या आल्या, लोखंडवाल्यातल्या श्रीमंतीची हवा इथपर्यंत पोचली आणि भेटीचा बाजार झाला. या उधळपट्टीने मध्यमवर्ग पोखरला जातोय. तेव्हा उपाय एकच, साधेपणाकडे परत जाणं.

माझा स्वभाव या मताच्या बाजूचा आहे. तीन हजारांची मेणबत्ती पाहून माझ्याही कपाळावर आठी चढते. पण आठी हा पुरावा नव्हे, आणि या पूर्वपक्षाचे तिन्ही पाय मला लंगडे वाटतात.

पहिला पाय साध्या परंपरेचा. ही परंपरा नेमकी कधीची? माझ्या आजीच्या ट्रंकेत लाल कापडात बांधलेली आहेराची वही होती. कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं, लुगडं नऊवारी की नुसता खण, भांडं पितळेचं की स्टीलचं, सगळं तीत टिपलेलं. परतफेड करताना आजी आधी वही उघडायची आणि मिळालं त्यापेक्षा थोडं वरचढ द्यायची. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे: भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावी लागते. त्यासाठी त्याने पॉलिनेशियापासून महाभारताच्या अनुशासनपर्वापर्यंत धांडोळा घेतला. आजीची वही त्याच्या हाती लागली असती तर त्याचे बरेच श्रम वाचले असते.

दिवाळसणाचंही तसंच. जावयाला पहिल्या दिवाळीला अंगठी की घड्याळ, पुढे स्कूटर की फक्त सूट, यावरून किती घरांत वर्षभर अबोला राहिला हे जुन्या पिढीला विचारावं. थोडं मागं जाऊन पेशवाईत गेलं तर श्रावणमासाची दक्षिणा आहेच. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांची रीघ लागायची आणि खजिन्यातून लाखो रुपये बाहेर पडायचे. तेव्हा साधेपणा ही आपली जुनी रीत आणि थाट हे मॉलचं पिल्लू, असं म्हणणाऱ्याने आधी पर्वतीची पायरी चढावी.

दुसरा पाय बुडण्याचा. उधळपट्टीने माणूस कर्जात जातो, हे ऐकायला इतकं पटतं की कोणी तपासत नाही. एकदा मात्र ते तपासलं गेलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले आणि दख्खनचे दंगे पसरले. शेतकरी कर्जात का, या प्रश्नाला तेव्हाच्या साहेबांकडे तयार उत्तर होतं: लग्नकार्यात आणि सणांत उधळतो म्हणून. पण सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने म्हटलं की लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त वाटला तरी असे प्रसंग क्वचित येतात, आणि त्या रकमेने एरवी तगणारा कुणबी बुडत नाही. शेतसारा, कोरडवाहू जमीन, सावकाराचं व्याज आणि कोर्टाची हुकूमनामे देण्याची रीत ही मूळ कारणं होती.

मुलुंडमध्ये दोन खोल्यांच्या घराचा हप्ता वीस वर्षं फेडणाऱ्या जोडप्याला काजूच्या बॉक्सने बुडवलं असं सांगणारा माणूस त्या साहेबांच्याच पंगतीला बसतो. मोठा आकडा घराच्या हप्त्याचा, शाळेच्या फीचा, दवाखान्याच्या बिलाचा. पण डोळ्यांत सलते ती सॅटिनची फीत.

सभेत एका तरुण सभासदाने पूर्वपक्षाला अर्थशास्त्राची जोडही दिली. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींवर एक लेख लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारून त्याने दाखवलं की घेणाऱ्याला भेट तिच्या किमतीपेक्षा दहा टक्के ते एक तृतीयांश कमी मोलाची वाटते. उरलेला पैसा कोणाच्याच पदरात पडत नाही. हिशोब चोख आहे. फक्त त्याने प्रश्नच असा विचारला होता की भेटीमागचं भावनिक मोल बाजूला ठेवून किंमत सांगा. मीठ काढून भाजीची चव विचारण्यासारखं झालं. शिवाय आपल्याकडे आहेराच्या पाकिटात ५०१ रुपये घालणाऱ्यांनी त्याची अडचण कधीच सोडवली होती: नोटा घेणाऱ्याच्या आवडीसाठी, वरचा रुपया देणाऱ्याच्या भावनेसाठी.

उरला तिसरा पाय, साधेपणाच्या उपायाचा. तो लंगडा म्हणून केबिनमधला तो ढीग निर्दोष आहे का? मुळीच नाही. पण त्याचा दोष किमतीत शोधणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचे कपडे मोजणं. त्या बॉक्सांवरची नावं वाचावीत. आमच्या सोसायटीत सर्वांत जास्त बॉक्स येतात ते एका डॉक्टरांकडे, एका आर्किटेक्टकडे, एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या अधिकाऱ्याकडे आणि पालिकेत हुद्द्यावर असलेल्या एका गृहस्थांकडे. ज्यांच्या सहीने काम होतं त्यांच्याकडे. हीच माणसं निवृत्त झाली की पुढच्याच दिवाळीला बॉक्स थांबतात. आमच्या मजल्यावरच्या एका काकांच्या बाबतीत मी हे पाहिलंय. पहिल्या वर्षी त्यांनी कुरियरचं नाव बदललं असेल म्हणून केबिनमध्ये दोनदा चौकशी केली.

भेट वर चढते, हा खरा मुद्दा. आणि हे न्यायालयाला दिसलंय, सभेला दिसत नाही. एका औषध कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या वस्तूंचा खर्च कंपनीला आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. त्यात सोन्याची नाणी, फ्रीज, टीव्ही, परदेशवाऱ्या असा ऐवज होता. न्यायालयाने साधेपणाचं प्रवचन दिलं नाही. या भेटींचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून रोग्यावर पडतो, हे दाखवलं. त्याच वर्षी १ जुलैपासून आयकर कायद्यात तरतूद आली की धंद्याच्या नात्यातून एखाद्याला वर्षाला २० हजार रुपयांवरचे लाभ दिले तर देणाऱ्याने १० टक्के कर कापून भरावा. याउलट केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिवाळीच्या भेटींवर सरकारी पैसा खर्च करू नये असं फर्मान काढलं, ते काटकसरीच्या नावाखाली. सरकार कोणाला काय देतं हे त्याने थांबेल. कंत्राटदार साहेबाला काय देतो, ते थांबवायला वर्तणुकीचे नियम आहेत, आणि त्या नियमांत प्रसंगवशात दिलेलं जेवण किंवा गाडीतून सोडणं भेटीत धरत नाहीत. त्या फटीतून किती गाड्या गेल्या असतील हे ज्याचं त्याने ताडावं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. पूर्वपक्षवाले ते नेहमी पुढे करतात म्हणून मी पुन्हा वाचले. रकमेचा उल्लेख त्यांत कुठेच नाही. सात्त्विक दान कोणाला? ज्याच्याकडून परत उपकाराची अपेक्षा नाही त्याला. फेडीवर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. आणि अवहेलना करून दिलेलं ते तामस. या कसोटीवर केबिनमधले ऐंशी टक्के बॉक्स राजस ठरतात, मग आत शंभर रुपयांचा चिवडा असो की तीन हजारांची मेणबत्ती. (ऐंशी हा माझा अंदाज, वॉचमनच्या वहीवर नजर टाकून केलेला.)

पूर्वपक्षाकडे एक भारी दाखला आहे, तो टाळणं लबाडी होईल. सत्यशोधक विवाह. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि थोड्याच दिवसांत बिनखर्चाची, बिनभटजीची लग्नं लावायला सुरुवात केली. हा तर साधेपणाच ना? वरवर हो. पण फुल्यांचं भांडण मांडवाच्या कापडाशी नव्हतं. पैसा कोणाच्या घरून निघून कोणाच्या घरी जातो, याच्याशी होतं. भटजीची दक्षिणा तेव्हा नुसती भेट नव्हती. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी गावच्या वतनदार जोशाचा हक्क मानला होता. यजमानाने दुसऱ्याकडून कार्य करून घेतलं तरी वतनदाराला दावा लावून आपलं उत्पन्न मागता येई. तो हक्क मोडायला १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळाला वेगळा कायदा करावा लागला, आणि त्यामागे सी. के. बोले यांची खटपट होती.

याच काळात याच शहरात दुसऱ्या एका भेटीचा निवाडा झाला. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत गिरणीमालकांनी काही वर्षं कामगारांना बोनस दिला. १९२३ चा दिला नाही. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कसलाही हक्क पोचत नाही. ती मालकांची खुशी होती, आली तर आली. म्हणजे वतनदार जोशाची दक्षिणा हक्क, आणि मागावर उभ्या असलेल्या माणसाचा बोनस बक्षीस! कामगारांनी पुढे चाळीस वर्षं झगडून ते बक्षीस हक्कात बदललं. १९६५ मध्ये बोनसचा कायदा आला, आणि किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, ही आज सर्वांच्या परिचयाची रक्कम झाली. आज उपनगरात राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांतलं पहिलं कपाट आणि पहिला टीव्ही या बोनसच्या पैशातून आला आहे. ती उधळपट्टी होती असं म्हणायला कोणी धजावणार नाही.

म्हणून खाली उतरणाऱ्या थाटालाही मी डोळे झाकून टाळ्या वाजवत नाही. हिरेव्यापारी सावजी ढोलकिया यांनी २०१४ च्या दिवाळीत कामगारांना ४९१ गाड्या, २०० घरं आणि दागिने दिल्याची बातमी देशभर गाजली. दिशा खालची होती, हे चांगलंच. पण ती मालकाची खुशी होती, १९२४ च्या आधीच्या बोनससारखी. पगाराच्या करारात लिहिलेल्या पैशाचे फोटो निघत नाहीत, आणि तो परतही घेता येत नाही.

मग मंडन काय? ते पुण्याच्या सुधारकांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने दक्षिणेचा काही भाग चालू ठेवला, त्यातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर काही मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणा बंद करा, पैसे वाचवा, असा त्यांचा हट्ट नव्हता. त्या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसं द्या, मग जात कुठलीही असो, असं त्यांनी मागितलं. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. पैसा तोच, ओढ्याचं पाणी दुसऱ्या शेतात वळवलं. शास्त्रीमंडळी खवळली होती, यावरून नस बरोबर सापडली होती हे कळतं.

आमच्या सभेत मात्र साधेपणाचा ठराव झाला. 'सणावर अनावश्यक खर्च टाळावा' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. आता बाहेरून येणारे बॉक्स थांबवणं सोसायटीच्या हातात नव्हतं, ते दुसऱ्यांच्या पैशाचे. हातात होती ती एकच गोष्ट: सफाईवाला, लिफ्टमन आणि वॉचमन यांच्या दिवाळीच्या पोस्तीसाठी दर फ्लॅटमागे घ्यायचे ५०० रुपये. ते ३०० झाले. मी विरोधात हात वर केला. माझ्यासोबत तळमजल्यावरच्या एक वहिनी होत्या, आणि आमच्या दोघांचं म्हणणं इतिवृत्तात आलं नाही.

घरकामाच्या मावशींचा विषय तर निघालाच नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण बोनसचा कायदा त्यांच्या दारापर्यंत येत नाही. तिथे अजून १९२४ सालच चालू आहे. प्रत्येक घराची मर्जी. कोणी महिन्याचा पगार जास्तीचा देतं, कोणी जुनी साडी, आणि बरेच जण तिसऱ्या हातचा बॉक्स. हा बॉक्स कंपनीकडून साहेबाकडे, साहेबाकडून मेहुण्याकडे, मेहुण्याकडून शेजारी असा फिरत फिरत, फीत पुन्हा बांधली जात जात, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला खाली उतरतो.

परवा केबिनशी थांबलो होतो. वॉचमनच्या स्टुलावर असाच एक बॉक्स होता, पाचव्या मजल्यावरून मिळालेला. आत कोपऱ्यात इंग्रजीत छापलेलं शुभेच्छांचं कार्ड राहून गेलं होतं, त्यावर डॉक्टरांचं नाव. बदाम थोडे खवट झाले होते. त्याने सांगितलं की हा बॉक्स ऑक्टोबरात त्यानेच वहीत लिहून घेतला होता, आणि पान उलटून मला नोंद दाखवली: बी विंग, ७०२, दुपारी ४.१०, आणि पुढे त्याची सही.