हात, वार आणि सरळ रेघ

कौटिलीय अर्थशास्त्रात २४ अंगुळांचा एक हात सांगितला आहे. पण हात कोणाचा? उंच विणकराचा की ठेंगण्या गिऱ्हाइकाचा? तंट्याला जागा तिथेच! इंग्रजी अमलात ३६ इंचांचा वार रुळला. पुढे १९५६ च्या कायद्याने भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली. १ वार म्हणजे ०.९१४४ मीटर. म्हणजे नऊवारी लुगडे सुमारे ८.२३ मीटर, पण त्याला 'सव्वाआठ मीटरी' कोणी म्हणत नाही.

लांबीचा तंटा असा मिटला. सरळ कापण्याचे काय? इथे मोजपट्टी अपुरी पडते, कारण सुती कापड ओढले की तिरके होते. शिवणाऱ्या बायकांची जुनी युक्ती मला पट्टीपेक्षा शास्त्रशुद्ध वाटते: काठापाशी छोटी चीर देऊन एक आडवा धागा हलकेच ओढायचा आणि उमटलेल्या बारीक रेषेवरून कात्री चालवायची. धागा तुटला तर तिथवर कापून पुन्हा टोक शोधायचे. मागावर उभे ताणलेले धागे आणि आडवा धागा यांत काटकोन असतो. कापड तोच जपून ठेवते.

वर्गात मांजरपाटाच्या तुकड्यावर हे करून पाहा. मग काठाशी गुण्या लावा. कोन ९० अंशांचा आला नाही, तर आखूड कर्णाची टोके धरून कापड ताणा आणि पुन्हा मोजा.