खिशात मावणारं पिस्तूल: '.३२' की '.२२', आणि भरवसा कशावर ठेवायचा?

"खिशात मावेल असं छोटं, भरवशाचं पिस्तूल कुठलं?" हा प्रश्न कोल्हापुरात मला फोन आणि लॅपटॉपच्या प्रश्नांइतकाच सहज विचारला जातो. काही जण सिनेमा आणि रील्स बघून विचारतात. काहींची गरज मात्र खरी असते. कुणाचं गुजरीत सराफी दुकान आहे, कुणाचा हुपरीचा चांदीचा धंदा, कुणाला रात्री पंपावरची रोकड घेऊन हायवेनं यावं लागतं. दोघांनाही उत्तर एकच आहे, फक्त ते फोनसारखं 'टॉप फाइव्ह' यादीत देता येत नाही. भारतात सामान्य माणसाला कायद्यानं मिळू शकणारी छोटी हत्यारं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळे कुठलं मॉडेल घ्यायचं याआधी छोटं पिस्तूल ऐनवेळी दगा का देतं, हे समजून घेऊ.

आधी बोअर समजून घ्या

'.३२ बोअर' म्हणजे नळीचा आतला व्यास साधारण ०.३२ इंच, ढोबळमानानं ८ मिलिमीटर. '.२२' म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर. आपल्याकडे बहुतेकांकडे .३२ च का दिसतं? कारण पोलीस आणि लष्कर वापरतात ते ९ मिलिमीटर हे 'प्रोहिबिटेड बोअर' आहे. सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. .३२ आणि .२२ 'नॉन-प्रोहिबिटेड' गटात येतात.

इथे एक मोठा गोंधळ होतो. .३२ नावाची दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलात जातं ते '.३२ एसीपी', ज्याला ७.६५ मिलिमीटर असंही म्हणतात. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन डिझायनरनं ते १८९९ च्या सुमारास बनवलं. रिव्हॉल्व्हरमध्ये जातं ते '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग', ते लांब असतं आणि त्याच्या बुडाला जाड कडा असते. दोन्हीवर .३२ लिहिलेलं असलं तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. टाइप-सीच्या भोकात मायक्रो-यूएसबी खुपसल्यासारखं होईल. फरक एवढाच, की इथे चार्जिंग पोर्ट नाही, बोट जाऊ शकतं.

ताकदीचं बोलायचं तर ९ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा साधारण ४५० ते ५०० ज्यूल असते, .३२ एसीपीची पावणेदोनशेच्या आसपास. .२२ त्याहून कमी. म्हणून काही जण .२२ ला खेळणं समजतात. .२२ च्या परदेशी डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. रंकाळ्याच्या या काठावरून उडालेली गोळी त्या काठाला सहज जाईल, आणि तिला कोण मध्ये आलं ते कळत नाही.

दगा कुठून होतो

छोट्या पिस्तुलाचा भरवसा पहिल्यांदा ठरतो तो ठिणगीवर. काडतुसाच्या आत दारू पेटवायला एक स्फोटक मसाला असतो. .३२ मध्ये तो बुडाच्या बरोबर मध्यभागी, वेगळ्या छोट्या टोपीत बसवलेला असतो. याला सेंटरफायर म्हणतात. .२२ मध्ये तशी टोपी नसते. मसाला बुडाच्या पातळ कडेत गोल फिरवून भरलेला असतो, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. आता जिथे पिन आपटली नेमका तिथेच मसाला पुरेसा पोचलेला नसेल, तर 'टक्' आवाज येतो आणि काहीच होत नाही. चांगल्या कंपनीच्या काडतुसांत हे क्वचित होतं. पण सेंटरफायरपेक्षा जास्त होतं, हे कुठलाही .२२ नेमबाज सांगेल.

ब्राउनिंगनंही याच कारणासाठी १९०५ च्या सुमारास .२५ एसीपी हे इवलंसं काडतूस काढलं. आखूड नळीतून त्याची ताकद जवळपास .२२ एवढीच, पण ते सेंटरफायर. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी 'खिशातलं पिस्तूल' बनवणाऱ्यालाही ताकदीपेक्षा हमखास उडण्याची काळजी जास्त होती. मला तरी हा माणूस आजच्या बऱ्याच फोन कंपन्यांपेक्षा शहाणा वाटतो.

दुसरा दगा मॅगझिनमध्ये होतो. काडतुसाला बाहेर आलेली कडा असेल आणि वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली, तर पिस्तूल जाम होतं. .२२ ला ही कडा पूर्ण असते, .३२ एसीपी आणि .२५ ला थोडीशी. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस नीट मागे सरकलंय का, हे बघावं लागतं. बाकी पिस्तूल अडकण्याची निम्मी कारणं साधीच असतात: मॅगझिनची स्प्रिंग थकलेली, वरचे ओठ वाकलेले, किंवा हात सैल. छोटं पिस्तूल गोळीच्या धक्क्यानं स्लाइड मागे ढकलून पुढचं काडतूस घेतं. मनगट ढिलं असेल तर तो धक्का हातातच जिरतो आणि स्लाइड पुरती मागे जात नाही.

आणि खिसा! खिशातला कापसाचा भुगा, घाम, सुपारीची पूड. चार्जिंग पोर्टमध्ये काय साचतं ते तुम्ही टूथपिकनं काढलंच असेल. तेच तेल लावलेल्या यंत्रात साचतं. खिशात वागवायचं असेल तर त्या खिशात दुसरं काही नको, चाप झाकणारं कव्हर हवं, आणि हत्यार ठरावीक दिवसांनी साफ व्हायलाच हवं.

म्हणून रिव्हॉल्व्हर

पिस्तुलात काडतूस उडालं नाही, तर दुसऱ्या हातानं स्लाइड ओढून ते बाहेर टाकावं लागतं. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की चक्री फिरते आणि पुढचं काडतूस समोर येतं. मॅगझिन नाही, स्लाइड नाही, स्प्रिंगवर कमी भरवसा. तोटे आहेतच: चक्रीमुळे जाडी वाढते, चाप जड लागतो, सहसा सहाच गोळ्या. तरीही कमी सराव असणाऱ्या माणसानं .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपल्याकडे सराव कमीच असतो, त्याचं कारण पुढे येतंय.

बाजारात काय मिळतं

परदेशी हत्यार सामान्य परवानाधारकाला आयात करता येत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ही वाट बंद आहे, नामांकित नेमबाजांना सवलत मिळते तेवढीच. म्हणून जुनं वॉल्थर पीपीके कुणाकडे असेल तर त्याची किंमत एखाद्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. पैसे त्या नावाचे असतात. आत नव्वदहून जास्त वर्षं जुन्या डिझाइनची स्प्रिंग असते आणि तिचा सुटा भाग मिळणं अवघड.

देशी सरकारी मालात .३२ चं 'अशनी' पिस्तूल आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरची जुनी .३२, जी मधून मोडून भरायची. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' साधारण अर्ध्या किलोचं, महिलांसाठी म्हणून जाहिरात झालेलं. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरचं 'निडर' .२२ आणि वजन फक्त २५० ग्रॅम, म्हणजे मोठ्या स्मार्टफोनपेक्षा थोडंच जास्त. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, त्याची चक्री बाजूला उघडते, मोडावं लागत नाही. खासगीत उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉटच्या नावानं .३२ रिव्हॉल्व्हर बनतं.

'निडर' हातात घेतल्यावर कुणालाही आवडेल. पण ते .२२ आहे, म्हणजे रिमफायर. रिव्हॉल्व्हर असल्यानं न उडालेल्या काडतुसाचा त्रास कमी, तरी संरक्षणासाठी मी .३२ कडेच वळेन. खर्चाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. पान मसाला आणि श्रीमंतांच्या बोटींच्या रांगेत.

काडतुसं मात्र आपल्या घरची आहेत. पुण्याजवळच्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत ती बनतात, बुडावर इंग्रजी 'केएफ' अक्षरं असतात. ही फॅक्टरी १८६९ ची. किती काडतुसं घ्यायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि अडचण इथेच आहे. अमेरिकेत लोक नवीन पिस्तुलातून दोनशे गोळ्या झाडून मगच त्यावर विश्वास ठेवतात. आपल्याकडे वर्षाचा कोटाच असा असतो की तेवढी चाचणी केली तर घरी ठेवायला काही उरत नाही. ज्याची चाचणी घेता येत नाही त्यात हलणारे भाग जितके कमी तितकं बरं, म्हणून रिव्हॉल्व्हर. आणि काडतुसं जपून ठेवण्याच्या नादात पाच-सात वर्षं जुनी, दमट कपाटातली वापरू नका. आपल्या पावसाळ्यात ती कपाटं कशी होतात, हे वेगळं सांगायला नको.

विकत घेताना दुकानदारासमोर रिकाम्या हत्यारावर या गोष्टी बघा: घोडा ओढून ठेवल्यावर चक्री हलते का, सगळी भोकं नळीच्या बरोबर समोर येतात का, नळीत गंज किंवा फुगवटा आहे का, आणि हत्यार हातातून पडलं तर पिन पुढे जाणार नाही अशी सोय आत आहे का. जुन्या मॉडेलमध्ये ती नसेल तर घोड्याखालचं भोक रिकामं ठेवतात. सहाची पाच झाली तरी मांडी शाबूत राहते.

परवाना

कोल्हापूर जिल्ह्यात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. अर्ज केंद्र सरकारच्या एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर भरतात, पोलिसांचा चौकशी अहवाल येतो, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. 'हौस' हे कारण चालत नाही, जिवाला किंवा धंद्याला धोका काय ते पटवावं लागतं. नाकारलं तर कारण लेखी देतात आणि पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं. शिवाय निवडणुका लागल्या की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. आपल्याकडे निवडणुका किती असतात, बघा.

कट्टा आणि फोन

गावठी कट्ट्याचा भरवशाशी काही संबंध नाही. त्याची नळी त्या दाबासाठी बनवलेल्या पोलादाची असेलच असं नाही. पाण्याचा पाइपही चालवतात. ती फुटली तर ज्याच्या हातात आहे त्याच्या हातातच फुटते. बिनपरवाना हत्यार बाळगल्याची शिक्षा २०१९ नंतर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, वर दंड. लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार केला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हत्यार परवान्याचं असलं तरी.

सोशल मीडियावर 'पिस्तूल घरपोच' म्हणणाऱ्यांपैकी बरेच ॲडव्हान्स घेऊन ब्लॉक करणारे ठग असतात. त्यांची तक्रार करायला गेलात तर आधी स्वतः काय विकत घेत होतात ते सांगावं लागेल. आणि मित्राच्या काकांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून केलेलं रील? पोलीस असे व्हिडिओ शोधूनच काढतात. तुमची चौकशी होते, शिवाय परवाना नसलेल्याच्या हातात हत्यार दिलं म्हणून काकांवरही गुन्हा होऊ शकतो.

एकविसच्या आत असाल तर

स्वसंरक्षणाच्या परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. पण नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी बारा वर्षांपासून, नियमांच्या चौकटीत, हत्यार हाताळता येतं. आणि ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंतची एअर पिस्तूल असेल तर परवाना लागतच नाही.

कोल्हापूरला या बाबतीत कुणाचं उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल खेळते, तेही .२२. २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकात पिस्तुलात सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला सुवर्ण. तेजस्विनी सावंत २०१० ची रायफलमधली विश्वविजेती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिस २०२४ चं कांस्य तर तुम्ही फोनवर लाइव्हच बघितलं असेल.

खेळातलं .२२ पिस्तूल खिशातलं नाही. वजन १४०० ग्रॅमपर्यंत, चाप किमान १००० ग्रॅमचा. १० मीटर एअर पिस्तूलचा चाप किमान ५०० ग्रॅम. नवीन माणसानं एअर पिस्तूलनंच सुरुवात करावी: छर्रे स्वस्त, आवाज कमी, आणि दिवसाला शंभर वेळा चाप ओढता येतो. त्यात स्प्रिंगवर चालणारी स्वस्तातली बंदूक घेऊ नका. तिचा झटका सुरुवातीलाच मनगट बिघडवतो. हवा आधीच सिलिंडरमध्ये भरलेली पीसीपी प्रकारची घ्या. घेण्याआधी महिनाभर क्लबच्याच पिस्तुलावर सराव करा. मूठ तुमच्या हाताला बसते का हे फोटो बघून कळत नाही, आणि डावखुऱ्यांना तर मूठ वेगळीच मागवावी लागते.